कालचे विमान, आजचे विमान, क्रमांक एकच

महोदय,

डिसेंबर लागला की उत्तरेतल्या धुक्याने विमाने रखडल्याच्या बातम्या येऊ लागतात. त्यात प्रवाशांचे हाल छापून येतात आणि ते यायलाच हवेत. पण रखडलेल्या विमानामागे एक धोका असतो, तो प्रवाशाला दिसत नाही. मी २६ वर्षे मुंबईत फ्लाइट डिस्पॅचर होते. विमानाचा मार्ग, हवामान, पर्यायी विमानतळ, इंधन हे सगळे जमिनीवर बसून ठरवण्याचे ते काम.

कालची रात्रीची फेरी आज रात्रीपर्यंत लांबली की आजची नेहमीची फेरीही तोंडावर आलेली असते. दोन्हींचा क्रमांक तोच. दोन्ही एकदम आकाशात असल्या आणि नियंत्रकाने एकीला खाली यायला सांगितले, तर उत्तर दुसरीकडूनही येऊ शकते. रेडिओवर विमानाची ओळख म्हणजे त्याचे कॉलसाइन, आणि ते बहुतेक वेळा फेरीच्या क्रमांकावरूनच बनते.

जानेवारी २००८ मध्ये दिल्ली-मुंबईची अशीच जोडी माझ्या टेबलावर आली. कालची ८.५० ला सुटणार, आजची ९.३० ला. मी दुपारीच एकीचा क्रमांक बदलून मागितला. वाणिज्य विभागाचे म्हणणे, प्रवाशांना मेसेज गेलेत, आता बदल नको. मी ऐकले. त्याची खंत आजही आहे. दोन्ही फ्लाइट प्लॅनवर, म्हणजे मार्ग-इंधनाचा तपशील असलेल्या उड्डाणाच्या आराखड्यांवर, तारीखसुद्धा तीच पडली, कारण तिथे तिकिटावरची नव्हे, प्रत्यक्ष उड्डाणाची तारीख लिहितात.

साडेसातला पहिल्या विमानाच्या कॅप्टनचा दिल्लीहून फोन आला. फ्लाइट प्लॅनच्या कागदावरच्या विमानाच्या नोंदणी क्रमांकाची शेवटची दोन अक्षरे त्यांच्या विमानाची नव्हती. प्रिंटरवरचे दोन गठ्ठे अदलाबदल होऊन गेले होते. त्यांच्यासाठी मी पर्यायी विमानतळ हैदराबाद धरला होता, दुसऱ्यासाठी अहमदाबाद. अहमदाबाद मुंबईला जवळ, म्हणून हातातल्या कागदावर इंधन ९०० किलोने कमी होते आणि इंधन भरणारा माणूस आकडा विचारत विमानाखाली उभा होता. ती दोन अक्षरे त्यांनी वाचली म्हणून निभावले. मग कॉलसाइन बदलले, नवा प्लॅन पाठवला. विमान अर्धा तास उशिरा सुटले, एवढेच.

तिकिटावरचा क्रमांक तोच ठेवूनही कॉलसाइन बदलता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. युरोपात आकड्यांमागे अक्षरे लावलेली कॉलसाइन रोजच्या वापरात आहेत, आणि सारखी वाटणारी कॉलसाइन आधीच हुडकून काढायला युरोकंट्रोल ही तिथली हवाई वाहतूक नियंत्रणाची संस्था कंपन्यांना सॉफ्टवेअर पुरवते. मात्र फ्लाइट प्लॅनमध्ये या नावाला सातच जागा असतात. तीन कंपनीच्या सांकेतिक अक्षरांना जातात, उरतात चार. आपल्याकडे असंख्य फेऱ्यांचे क्रमांक चार आकडी आहेत. नुसते अक्षर जोडायला जागाच नाही, एखादा आकडा गाळावा लागतो, आणि गाळल्यावर ते तिसऱ्याच फेरीशी जुळत नाही ना हेही पाहावे लागते. ऐन घाईत, चार फोन वाजत असताना, हे करायला लावू नये.

म्हणून डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, विनंती आहे. धुक्याचा हंगाम सुरू होण्याआधीच प्रत्येक कंपनीकडून रखडणाऱ्या फेऱ्यांसाठी राखीव कॉलसाइनची यादी घ्यावी. आणि ते केव्हा लावायचे याचा अंतिम शब्द रात्रपाळीच्या डिस्पॅचरचा असावा, वाणिज्य विभागाचा नव्हे.

– एक निवृत्त फ्लाइट डिस्पॅचर, डोंबिवली (पूर्व)