लीज संपली, पुढची गाडी कोणती?

महोदय,
लीज संपली की नव्या गाडीच्या पैशात जुनी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय घेऊन पैसेही उरतात, या हिशेबावर हुरळू नये. तिचा ड्राय क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन कोरड्या क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आमच्या सात रस्ता चौकातल्या वाहनांच्या रांगेत, भर एप्रिलात रांगवून पाहा. पहिल्या-दुसऱ्या गिअरला झटके बसले तर क्लच किंवा मेकाट्रॉनिकचा (गिअर बदलणाऱ्या नियंत्रण यंत्रणेचा) मोठा खर्च आलाच. इंजिन थंड असतानाच सुरू करावे. विकणारे दोष लपवायला आधीच तापवून ठेवतात, बरं का! टायरवर ‘2319’ म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. इतके जुने टायर नक्षी शाबूत असली तरी बदला. लीजचीच गाडी ठेवायची तर मालकी बदलाचे फॉर्म 29, 30 सह्यांनिशी आणि कर्जाचा बोजा असल्यास तो उतरवण्याचा फॉर्म 35 व बँकेची एनओसी हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. वॉरंटीविना झोप लागत नसेल, तर सरळ नवीच घ्यावी.

– एक वाचक, सोलापूर