विन्यास, कॅसेट डेकच्या बेल्टांच्या जुन्या भांडणाबद्दल

चिपळूण
रविवार रात्र

प्रिय विन्या,

तुझं दिवाळीतलं पत्र अजून टेबलावरच आहे. आता शिमगाही उरकला, तरी तुला माझ्या नावाने बोंब मारायची असेल तर मारून घे आणि मग पुढे वाच.

तब्येतीचं एकदाच सांगतो. उजव्या मनगटात नस दबली आहे, डॉक्टर त्याला कार्पल टनेल म्हणतात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर, रात्री मुंग्या. झोपताना मनगटपट्टी लावतो. बाकी ठीक.

कुठली बोटं गेली ते लक्षात आलं ना? बेल्ट ताणून बघायची.

पंधरा दिवसांत मी पाठवलेल्या बेल्टांची तीन पाकिटं परत आली. तक्रार तिन्हींची एकच, डेकने टेप खाल्ली. मोठा बेल्ट तिन्ही ठिकाणी बरोबर होता, ढिला होता तो टेक-अपचा, म्हणजे टेप गुंडाळणाऱ्या उजव्या चकतीचा बारका. कॅपस्टनची दांडी आणि तिला दाबून फिरणारा रबरी पिंच रोलर सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरने टेप पुढे ढकलत राहणार, आणि उजवी चकती ती गुंडाळून घेणार नाही. मग ती जाणार कुठे? रोलरलाच लपेटते. त्यातली एक कॅसेट १९८८च्या नमनाच्या खेळाची होती, दुसरी प्रत नाही. गिऱ्हाईक एक शब्द वाकडा बोललं नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर मला झोप तरी लागली असती.

त्याच लॉटमधले उरलेले पंचवीस बेल्ट काढले, एकेक खिळ्याला टांगला आणि ५० ग्रॅमचं वजन लावलं. नऊ बाद! ते नऊ मी बोटाने पास केले होते. तेव्हा बोटाने पारखायचं की वजनाने, या भांडणात तू जिंकलास. अण्णांच्या दुकानात तू काटा आणलास आणि मी तो भजी तोलायला वापरला, ते आता काढू नकोस.

पण व्यास आणि परिघाच्या भांडणात मी अजून हरलेलो नाही. कालच एकाने 'सत्तरचा बेल्ट पाठवा' म्हणून कळवलं. सत्तर व्यास असेल तर परीघ २२०, आणि सत्तर हा परीघ असेल तर तो बेल्ट आकडे फिरवणाऱ्या काउंटरला लागेल, कॅपस्टनच्या जड चाकाला, फ्लायव्हीलला नव्हे. तिसरे महाभाग बेल्ट दुमडून, चपटा करून पट्टीवर ठेवतात आणि तीच लांबी कळवतात. ती दुप्पट केल्यावर कुठे परीघ मिळतो. म्हणून माझ्या पाकिटावर आतला परीघच छापलेला राहणार. जुना बेल्ट मोजून पाठवणाऱ्यांना तर मी हात जोडतो. तो वीस वर्षं ताणून लांबलेला असतो, त्या मापाचा नवा दिला की पहिल्या दिवसापासून ढिला. त्यापेक्षा दोरा बरा. बेल्ट जिथून जातो तिथून पुल्यांभोवती न ताणता दोरा फिरवायचा, खूण करायची आणि मोजायचं. दोरा २३० मिलिमीटर भरला तर पाच टक्के वजा, म्हणजे २१८-२१९चा बेल्ट. चौकोनी बारक्याला मी सात टक्क्यांपर्यंत जातो. त्याहून घट्ट केला की मोटर कण्हायला लागते आणि तिचं बुशिंग झिजतं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येणारा माल अजून तसाच, किलोवर, सगळी मापं एकत्र. त्यातून निवडणं हाच आपला धंदा, हे तूच म्हणायचास. माप जुळलं तरी जाडी फसवते. मोटरची पुली ६ मिलिमीटरची आणि बेल्ट अर्धा मिलिमीटर जाड असेल तर हिशेबाला व्यास साडेसहा येतो. बेल्ट ०.६ निघाला की ६.६. एवढ्याशा फरकाने वेग दीड टक्क्याच्या आसपास वाढतो. मोटरच्या मागच्या भोकातून बारीक स्क्रू फिरवून तो उतरवता येतो, पण गिऱ्हाइकाकडे वेग तपासायची ३१५० हर्ट्झची टेस्ट टेप कुठून असणार? तो कानावर जातो. सहा टक्के चुकलं तर काळी एकचा गवय्या पांढरी दोनमध्ये गायला लागेल आणि हा म्हणेल, बुवांचा आवाज आज काय लागलाय! म्हणून आता जाडी व्हर्नियरने बघतो, एका बेल्टवर चार ठिकाणी. एका बाजूला जाड निघाला तर सरळ कात्री. असा बेल्ट स्वर हलवतो आणि दोष कॅसेटला जातो.

खिळ्याची पद्धत तुला पसंत पडेल. १.२ मिलिमीटर चौकोनी, परीघ २१८. चपटा धरला तर १०९. ५० ग्रॅम लावून एक मिनिट थांबायचं, कारण रबर लगेच पूर्ण ताणत नाही. ११५च्या आसपास आला तर पास, ११८च्या पुढे गेला तर बाद. हे आकडे माझ्याकडच्या रबराचे, लॉट बदलला की पहिले पाच बेल्ट टांगून नवे काढतो. संशय आला तर दहा टक्के ताणून रात्रभर खिळ्यांवर ठेवतो, सकाळी सोडून अर्ध्या तासाने मोजतो. पूर्ण परतला नाही तर तो आपला नव्हे.

आणि हस. मध्ये कळलं की करंगळी शाबूत आहे, तिची नस वेगळी. दोन दिवस करंगळीने बेल्ट ताणून बघितले. शाळेत भांडण झालं की कट्टी करायला वापरायची ती, तिला कसली पारख! तरी आठातले सहा बरोबर ओळखले. पोरांनो, मी अजून मेलेलो नाही.

हाताचे हाल व्हायचे ते पॅकिंगमध्ये. चिमटा धरून बेल्ट मोजला की दहा मिनिटांत बोटं आखडतात. आता क्रोशाची जाड सुई वापरतो, मुठीत धरता येते आणि बेल्टला नखही लागत नाही. स्टेपलर बंद, चिकटपट्टी. वीस मिनिटं काम, दहा मिनिटं हात मोकळा. दिवसाला बारा पाकिटं होतात, पूर्वी तीस व्हायची. पीव्हीसीच्या पिशव्याही बंद केल्या. त्यातलं मऊ करणारं द्रव्य रबरात उतरतं आणि बेल्ट चिकट होतो. कागदी पाकीट, आत चिमूटभर टाल्कम, आणि चिठ्ठी: 'बसवण्यापूर्वी पावडर पुसा, तेलकट हात लावू नका.' कुणी वाचत नाही, तरी घालतो.

वितळलेल्या बेल्टाचं डांबर काढायचं काम मात्र पूर्ण सोडलं. आपल्या हवेत जुना बेल्ट पुलीवरच काळा पाक होऊन बसतो. स्पिरिट आणि इअरबड घेऊन तासभर घासावं लागतं, बेअरिंगमध्ये थेंब जाऊ नये म्हणून डेक आडवा धरून. कणभर राहिला तरी फेरीगणिक धक्का. ते या हाताने होत नाही. पुराच्या वर्षी चिखल भरलेले डेक आपण दोघांनी कसे काढले असतील रे.

बंद करावं का, असं रोज रात्री मनात येतं. पाकिटावर माझं नाव असतं आणि लोक त्या नावावर जुन्या कॅसेटा डेकमध्ये घालतात. बारा पाकिटं नीट जात असतील तर चालवू, असं सकाळी वाटतं. रात्री नमनवाला आठवतो.

तुझं गुडघ्याचं काय ठरलं? वहिनींना नमस्कार. नात आता चालायला लागली असेल. नाशिकला यायचं म्हणतोय, पण मला गाडीत मनगट लोंबकळवून सात-आठ तास बसवत नाही. तूच ये. पाटणकर सर परवा भेटले, तुझी अजून चौकशी करतात आणि मला अजून 'तो दुसरा' म्हणतात.

आता काम. तुझ्याकडे टॉर्क, म्हणजे चकतीची गुंडाळायची ओढ, मोजायची कॅसेट आहे, ती तू वापरत नाहीस, हे मला माहीत आहे. ती पाठव. प्ले करताना टेक-अप ३० ते ६० ग्रॅम-सेंटिमीटर असला पाहिजे, एवढं तिने दाखवलं की पुरे. नमनवाल्याला म्हटलंय, डेक घेऊन ये, तुझ्यासमोर बेल्ट बसवतो आणि मोजून देतो. तो येत्या रविवारी येतोय. तेव्हा पत्र मिळताच स्पीड पोस्टने टाक, आणि कॅसेटची सुई शून्यावर आहे का ते आधी बघ. मागच्या वेळी ती तुझ्यासारखीच पाच पुढे होती.

तुझा,
मध्या