फुर्का घाटातून आप्पांना पत्र

अँडरमॅट, स्वित्झर्लंड
ऑगस्ट

ती. आप्पा आणि सौ. आई यांस साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आवाज तुटत होता, म्हणून आज निवांत लिहायला बसले. आम्ही सगळे खुशाल आहोत. मुलं दमून लवकर झोपली, जावई बाहेर भांडी घासतायत. आई, तू विचारलंस की गाडीत राहायचं म्हणजे कसं. कॅम्परव्हॅन म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलरएवढी गाडी. आत दोन शेगड्या, छोटा फ्रिज, पाण्याची टाकी, आणि मुलांना ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग. वाटेल तिथे मुक्काम करता येत नाही, म्हणून रात्री कॅम्पसाइटवर लावतो. तिथे वीज मिळते, सांडपाणी ओतायची सोय असते. तू दिलेला छोटा कुकर फार कामाला आला. ग्रिम्सेल घाटाच्या माथ्यावर पाणी 93 अंशांनाच उकळतं, नुसत्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकरमध्ये खिचडी नेहमीसारखी झाली. शेजारी गाडी लावलेल्या आजीबाई शिट्टी ऐकून बघायला आल्या आणि वाटीभर खाऊन गेल्या.

आता आप्पा, तुमच्यासाठी. घाटात गाडी मीच चालवतेय. ग्रिम्सेलचा माथा 2164 मीटरवर. तिथून रस्ता खाली ग्लेच नावाच्या चार घरांच्या वस्तीपर्यंत उतरतो आणि लगेच समोरचा फुर्का घाट चढायला लागतो, थेट 2400 मीटरच्या वर. एका ठिकाणी उभं राहिलं की दोन्ही घाटांची वळणं समोरासमोर दिसतात. साडेतीन टनांची गाडी, त्यामुळे उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसलं की लायनरचा वास येणारच. पुढच्या दोन गाड्यांचा येत होता. मी तुमचंच ऐकलं. ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतर, गाडी इंजिनवर धर, ब्रेक नुसता टेकव आणि सोड. कुंभार्ली घाटात तुम्ही बस चालवताना तुमच्या मागच्या सीटवर बसून ऐकलेलं सगळं हातापायांत होतं.

फुर्काच्या पलीकडचा उतार अरुंद आहे. बऱ्याच ठिकाणी कठडाही नाही, कडेला नुसते दगडी खुंट रोवलेत. तिथे वळणाआडून तीन सुरांचा भोंगा ऐकू आला. ही इथली पिवळी पोस्टबस, डोंगरातली आपली एसटीच म्हणा. पूर्वी टपाल न्यायची, म्हणून पोस्ट. डोंगरातल्या ठरावीक रस्त्यांवर निळ्या पाटीवर पिवळं तुतारीचं चित्र असतं. त्या रस्त्यावर पोस्टबसचा ड्रायव्हर सांगेल ते बाकीच्यांनी ऐकायचं, तो मागे घ्या म्हणाला तर मागे घ्यायची, असा कायदाच आहे. त्यानं काचेतून हातानं खूण केली. मी गाडी मागे घेऊन रुंद जागेत डोंगराला चिकटवली. बस इतक्या जवळून गेली की दोन्ही आरशांमध्ये चार बोटं जागा उरली असेल. ड्रायव्हरनं नुसता हात वर केला. आप्पा, मला भरून आलं. घाटातल्या बस ड्रायव्हरला असा मान असलेला पाहिला आणि वाटलं, तुम्ही इथे माझ्या शेजारी बसायला हवे होतात.

ग्रिम्सेलला धरणही आहे, कोयनेपेक्षा थोडं उंच. पाणी दुधाळ, कारण बर्फाखाली दळला गेलेला दगड त्यात असतो. कोयनेचं पाणी आपण डोंगर फोडून पोफळीला पाडलं आणि त्याचा समुद्रच बदलला. इथे आरे नदीचं पाणी वीज करून पुन्हा आरेतच जातं, पुढे ऱ्हाइनला मिळून उत्तर समुद्रात. आणि तोच माथा ओलांडून आपण ग्लेचला उतरलो की तिथली ऱ्होन नदी जिनिव्हाच्या सरोवरातून फ्रान्समध्ये शिरते आणि भूमध्य समुद्राला मिळते. थोरल्याला महाबळेश्वरची कृष्णा आणि सावित्री सांगितली, तेव्हा तो नकाशा घेऊन बसला.

त्या ऱ्होनचा उगम मात्र बघवला नाही. फुर्काच्या एका मोठ्या वळणावर बेल्व्हेडेर नावाचं जुनं हॉटेल आहे, बरीच वर्षं बंद. 1850 च्या सुमारास ऱ्होन जिच्यातून निघते ती हिमनदी त्याच्याही खाली, ग्लेचच्या सपाटीपर्यंत उतरलेली होती. आता तिथे उघडा खडक आहे, आणि वर बर्फाच्या तोंडाशी नवं तळं झालंय. बर्फात दरवर्षी एक गुहा कोरतात, लोकांना आत जाता यावं म्हणून. ती वितळू नये यासाठी उन्हाळ्यात वरून पांढरी जाड कापडं घालतात. जवळून पाहिलं तर कापड मळलेलं, जागोजागी फाटलेलं, जुन्या गोधडीसारखं. आणि त्याच्या खालून पाण्याची धार सतत चालू. आत बर्फ गर्द निळा. धाकटीनं हात लावून विचारलं, मी मोठी होईन तेव्हा हे असेल का? तिला खोटं सांगवलं नाही. असेल, पण खूप वर, आणि थोडं, असं सांगितलं. कापडानं गुहेपुरता बर्फ टिकतो, बाकी सगळी हिमनदी उघडीच आहे. मला त्याचा राग आला, आप्पा. कुणावर ते नीट सांगता येत नाही, पण आला.

म्हणूनच सांगते, पुढच्या वर्षी तुम्ही दोघं याच. हे घाट साधारण जून ते ऑक्टोबर उघडे असतात, बाकी दिवस बर्फाखाली. जुलै चांगला. व्हिसाची कागदं मी इकडून पाठवते, आईनं बीपीचं डॉक्टरांना आधी विचारून ठेवावं, कारण माथ्यावर हवा विरळ आहे.

उद्या सुस्टेन घाट. सकाळी धुकं असेल असं सांगतायत. कुंभार्लीला पावसाळ्यात धुकं दाटलं की तुम्ही पुढचे दिवे खाली करून नेमके कशावर नजर ठेवायचात, कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर की डोंगराच्या बाजूला? उद्या निघण्याआधी फोन करेन, तेव्हा सांगा.

तुमची,
लेक