फौजी कुटुंबाची सवलत आणि बलार्ड पियरवर भरून घेतलेले २४,००० रुपये

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : मुंबई–गोवा–मुंबई क्रूझच्या ‘फौजी परिवार सवलती’बाबत फसवणूक, जादा घेतलेली रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

मी बेळगाव तालुक्यातल्या एका गावातून हे पत्र लिहिते आहे. माझे पती सैन्यात हवालदार आहेत. माझे सासरे मराठा लाइट इन्फंट्रीतून २००९ साली हवालदार म्हणूनच निवृत्त झाले. आमच्या गल्लीत सहा घरं फौजी आहेत. एकातला मुलगा सध्या बेळगावच्या सेंटरमध्ये ट्रेनिंगला आहे आणि त्याच्या कसम परेडची, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावरच्या शपथेच्या संचलनाची, सगळी गल्ली वाट बघते आहे. हे सांगायचं कारण असं की तुमचं जाहिरातीचं पत्रक आमच्यासारख्यांच्या हातात मुद्दाम दिलं गेलं. बेळगावच्या कॅम्पात फौजी कॅन्टीनच्या रस्त्याला तुमच्या एजंटाचं दुकान आहे. महिन्याचं सामान घेऊन बाहेर पडले तेव्हा त्यांच्या माणसाने स्वतःहून बोलावून ते पत्रक दिलं. पत्रकावर सॅल्यूट करणारा जवान, मागे पांढरंशुभ्र जहाज आणि खाली मोठ्या अक्षरात ‘फौजी परिवारांना २५ टक्के सूट’. ते पत्रक मी जपून ठेवलं आहे आणि त्याची प्रत सोबत जोडली आहे.

गोव्याला जायला आम्हा बेळगावकरांना जहाज लागत नाही. चोर्ला घाटातून तीन तासांत पोचतो. तरी मुंबईपर्यंत रात्रभर रेल्वेने जाऊन जहाजात बसायचं ठरवलं ते सासऱ्यांसाठी. ते भारताच्या शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. १९९० च्या मार्चमध्ये परत येताना त्यांना जहाजाने मद्रासला आणलं. ते नेहमी सांगतात, आम्ही खाली दाटीवाटीने झोपलो होतो, पायातले बूटसुद्धा काढले नव्हते, समुद्र असा दिसलाच नाही. म्हणून माझ्या पतींनी ठरवलं की बाबांना खिडकीची केबिन घ्यायची, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. आम्ही पाच जण होतो : आम्ही दोघं, सात वर्षांची मुलगी, सासू आणि सासरे. दोन केबिन, तीन रात्री, दसऱ्याच्या सुट्टीत. बुकिंग जूनमध्येच केलं आणि पूर्ण पैसे आगाऊ भरले.

आता हिशेब सांगते, कारण तुमच्या फोनवरच्या माणसांनी प्रत्येक वेळी तोच टाळला.

तुमच्या दरपत्रकात माणशी मूळ भाडं २४,००० रुपये होतं. पाच जणांचे १,२०,०००. त्यावर २५ टक्के सूट म्हणजे ३०,००० कमी, राहिले ९०,०००. बंदर शुल्क आणि सेवा शुल्क माणशी ४,२००, पाच जणांचे २१,०००. एकूण १,११,००० रुपये, कर वेगळा. सूट फक्त मूळ भाड्यावर आहे आणि बाकीच्या आकारांवर नाही हे पत्रकात कुठेही छापलेलं नाही. पूर्ण रकमेवर धरलं तर सूट २५ नव्हे, साधारण २१ टक्के पडते. तेवढ्यावर मी गप्प बसले असते. मूळ भाड्यावरच सूट देण्याची पद्धत विमानाच्या तिकिटातही असते, हे मला माहीत आहे.

पण माझ्या खानापूरच्या मामेभावाने त्याच जहाजाचं, त्याच तारखेचं, तशाच खिडकीच्या केबिनचं भाडं दोन दिवसांनी तुमच्याच कार्यालयात विचारलं. तो फौजी नाही. त्याला माणशी २०,००० सांगितले आणि केबिनमधल्या तिसऱ्या माणसाला मूळ भाडं माफ. त्या दराने आमचे पाच जणांचे किती झाले असते? चार जणांचे ८०,००० आणि शुल्काचे तेच २१,०००, म्हणजे १,०१,०००. फौजी म्हणून आम्ही सामान्य गिऱ्हाइकापेक्षा १०,००० रुपये जास्त भरले. मी फोन केला तेव्हा उत्तर मिळालं की फौजी सवलत दुसऱ्या कुठल्याही ऑफरबरोबर जोडता येत नाही. नसेल जोडता येत. मग दोन्हींतला स्वस्त दर गिऱ्हाइकाला सांगायला नको का? २४,००० चा आकडा फक्त फौजींना दाखवायचा, त्यावर सूट दिली म्हणायचं आणि बाकीच्यांना २०,००० ला विकायचं, याला सवलत कसं म्हणायचं ते तुम्हीच मला लेखी कळवा.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. सवलत मंजूर करण्यासाठी तुमच्या कार्यालयाने माझ्या पतींच्या सैनिकी ओळखपत्राचा दोन्ही बाजूंचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागितला. त्याबरोबर युनिटचं नाव आणि सध्या नेमणूक कुठे आहे तेही. फौजी घरात सून म्हणून आल्यावर पहिली शिकवण मिळते ती हीच : पलटण कुठे आहे ते कुणाला सांगायचं नाही, ओळखपत्राची झेरॉक्स काढायची नाही, फोटो कुणाला पाठवायचा नाही. मी नकार दिला तर तुमच्या कार्यालयातला मुलगा म्हणाला, मग सवलत सोडा. शेवटी आश्रित म्हणून मिळालेलं माझं कार्ड दाखवलं, तर मंजूर व्हायच्या आधी तेही दोनदा नामंजूर झालं. कारण काय, तर कार्डावर ‘बेळगाव’ आणि आधारवर ‘बेळगावी’! १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी शहराचं नाव बेळगावी झालं. आमच्या घराघरांत दोन्ही नावांचे कागद आहेत. या भागात फिरून पत्रकं वाटणाऱ्या कंपनीला एवढं ठाऊक नसावं? विमान कंपन्या बुकिंगच्या वेळी नुसती नोंद घेतात आणि विमानतळावर मूळ ओळखपत्र डोळ्यांनी बघून परत देतात. तुम्हालाही ते बंदरावर करता येईल.

आता मुख्य तक्रार.

निघायला नऊ दिवस असताना माझ्या पतींची रजा रद्द झाली. का झाली हे आम्ही विचारत नाही आणि ते सांगत नाहीत. रात्री साडेनऊला फोन आला, एवढंच म्हणाले, “मला जमणार नाही, तुम्ही आई-बाबांना घेऊन जा, पोरीचं मन मोडू नका.” सैन्यात वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते, पण रजा हा हक्क नसतो. बोलावलं की जावं लागतं आणि थांब म्हटलं की थांबावं लागतं. हे कुठल्याही फौजी घराला माहीत आहे. फौजी कुटुंबांसाठी योजना काढणाऱ्या कंपनीला तर ते सगळ्यांत आधी माहीत असायला हवं.

मी दुसऱ्याच दिवशी तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला. तारीख बदलायची तर भाड्याच्या ३० टक्के दंड आणि रद्द करायचं तर पंधरा दिवसांच्या आत असल्यामुळे एक रुपयाही परत नाही, असं सांगितलं. मग मी विचारलं, बाकी चौघं आलो तर? बाई म्हणाल्या, “सासरे माजी सैनिक आहेत ना, त्यांचं कार्ड घेऊन या, काही अडचण येणार नाही.” त्या बोलण्याची तारीख आणि वेळ मी वहीत लिहून ठेवली आहे. तुमच्याकडे फोनचं रेकॉर्डिंग असतं असं प्रत्येक वेळी ऐकवता, ते काढून ऐका.

त्या शब्दावर विसंबून आम्ही हुबळी–दादर एक्सप्रेसने मुंबईला आलो. बलार्ड पियरच्या टर्मिनलवर काउंटरपाशी सासऱ्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं माजी सैनिकाचं कार्ड काढलं, रुमालाने पुसलं आणि सरळ उभं राहून दोन्ही हातांनी पुढे केलं. तुमच्या माणसाने ते हातात घेतलंसुद्धा नाही. म्हणाला, सवलत फक्त नोकरीत असलेल्यांना, आणि नोकरीत असलेला माणूस आलेला नाही, म्हणजे सगळ्यांचीच सवलत गेली. माणशी ६,००० प्रमाणे चौघांचे २४,००० आत्ता भरा, नाहीतर बाजूला व्हा, मागे रांग आहे. सासऱ्यांनी कार्ड पुन्हा रुमालात गुंडाळलं. मला म्हणाले, “राहू दे पोरी, परत जाऊया. समुद्र काय इथूनबी दिसतोय.” माझी मुलगी आज्जाचा हात धरून उभी होती. रांगेतली माणसं आमच्याकडे बघत होती. चोवीस वर्षं नोकरी केलेल्या माणसावर अशी वेळ आणलीत, याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे.

मी पैसे भरले. मुलीच्या शाळेच्या फीसाठी बाजूला ठेवलेले होते, त्यातून भरले. म्हणजे पाच जणांचं १,११,००० चं बिल चार जणांसाठी १,३५,००० झालं. सवलत काढून घ्यायचीच होती तर खुला दर, म्हणजे मामेभावाला सांगितलेला, लावायचा. त्या दराने आमचे चौघांचे शुल्क धरून ९६,८०० होतात. तेही केलं नाही. शिवाय जो माणूस जहाजावर चढलाच नाही त्याचं ४,२०० बंदर आणि सेवा शुल्क तुम्ही कुणाला भरलंत? पाचव्या माणसाची सेवा कुणाची केलीत?

प्रवासाबद्दल तक्रार नाही, हेही प्रामाणिकपणे लिहिते. जहाज स्वच्छ होतं, जेवण वाढणारी मुलं अदबीने बोलत होती. सासूबाईंना जिन्याची भीती वाटायची तर त्यांतला एक मुलगा रोज हात धरून न्यायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे सासरे एकटेच डेकवर जाऊन कठड्याला धरून उभे होते. मी शाल घेऊन गेले तेव्हा म्हणाले, “त्या वेळी वर यायला मिळालं नव्हतं.” त्यांच्या बाजूला त्यांचा मुलगा असायला हवा होता. नव्हता, त्यात तुमचा दोष नाही. पण तो नाही म्हणून तुम्ही आमच्याकडून दंड घेतलात.

परदेशातली पद्धत माझ्या भावाने मला समजावून सांगितली. अमेरिकेतल्या मोठ्या क्रूझ कंपन्या नोकरीत असलेल्या आणि निवृत्त झालेल्या, दोन्ही सैनिकांना सवलत देतात. केबिनमध्ये पात्र असलेली एक व्यक्ती असली की पुरतं. त्या हिशेबाने सासऱ्यांच्या केबिनला तरी सवलत मिळायलाच हवी होती. तुमच्या पत्रकावर तर ‘फौजी परिवार’ लिहिलं आहे. निवृत्त हवालदार, त्याची बायको, सून आणि नात हे कुणाचं कुटुंब आहे असं तुम्ही समजता?

माझ्या मागण्या अशा आहेत. बलार्ड पियरवर भरून घेतलेले २४,०००, पतींच्या नावावरचं ४,२०० शुल्क आणि खुल्या दरापेक्षा जास्त घेतलेले १०,०००, असे ३८,२०० रुपये त्यावरच्या करासह माझ्या खात्यावर परत करावेत. पतींच्या मूळ भाड्याचे १८,००० रुपये मी रोख मागत नाही. ते पुढच्या कुठल्याही फेरीसाठी दंड न घेता जमा ठेवावेत. माझ्या सासऱ्यांना त्यांच्या नावाने लेखी माफीपत्र पाठवावं, आणि ते मराठीत असावं, कारण ते स्वतः वाचतील.

याशिवाय पत्रक बदला. सूट कशावर आहे, दुसऱ्या ऑफरबरोबर चालते की नाही, माजी सैनिक आणि वीरपत्नी त्यात येतात की नाही, हे मोठ्या अक्षरात जवानाच्या फोटोखालीच छापा. रजा रद्द झाली तर युनिटच्या शिक्क्याचं, ठिकाण न सांगणारं एका ओळीचं पत्र घेऊन तारीख फुकट बदलून देण्याची सोय ठेवा. एवढं जमत नसेल तर जवानाचा फोटो काढून टाका आणि कॅन्टीनच्या रस्त्यावर पत्रकं वाटू नका. माझ्या शेजारणीने दिवाळीनंतरच्या फेरीसाठी चौकशी केली होती, तिला मी सध्या थांबवलं आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे मला मुंबईला खेपा घालाव्या लागणार नाहीत; तुम्हाला बेळगावला यावं लागेल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फीदेखील लागत नाही, हे मी विचारून आले आहे.

सोबत पत्रक, बुकिंगची पावती, बलार्ड पियरवरची २४,००० ची पावती आणि मामेभावाला आलेल्या दराच्या मेसेजची प्रत जोडली आहे. माझं नाव, पत्ता आणि बुकिंग क्रमांक पावतीवर आहे. पतींच्या ओळखपत्राची प्रत जोडलेली नाही आणि ती पुन्हा मागू नये.

माझ्या पतींना आता जानेवारीत रजा मिळेल असं म्हणतात. उत्तर त्याआधी यावं.

आपली,
तक्रारदार ग्राहक
ता. जि. बेळगाव