पत्रं पोचली त्या क्रमानं वाच

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. आद्य ख्रिस्ती आचार्य वाचायला घ्यायचे आहेत, पण कुठून सुरुवात करू, असं तू विचारलंस. तुला कुणीही जाडजूड ग्रंथांची यादी देईल. माझं ऐकशील तर ऑगस्टिन आणि बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम यांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं आधी घे. ही दोघं कशावर जीव टाकत होती, कशानं दुखावत होती आणि एखाद्या शब्दासाठी किती झगडत होती, ते या पत्रांत दिसतं. ग्रंथांत ते इतकं उघड दिसत नाही.

पत्रं शोधताना एक अडचण हमखास येईल, ती आधीच सांगतो. ऑगस्टिनच्या संग्रहात या पत्रांना एक क्रमांक आहे आणि जेरोमच्या संग्रहात दुसरा. ऑगस्टिनकडचं 28 ते जेरोमकडचं 56. तसंच 40 म्हणजे 67, 68 म्हणजे 102, 71 म्हणजे 104, 72 म्हणजे 105, 75 म्हणजे 112 आणि 82 म्हणजे 116. वहीच्या पहिल्याच पानावर हे लिहून ठेव. नाहीतर एकच पत्र दोनदा वाचशील आणि मधलं एखादं राहून जाईल. मी खाली सगळीकडे ऑगस्टिनकडचे क्रमांक देतोय.

याहून मोठी चूक क्रमाची होते. छापील संग्रहात पत्रं लिहिल्याच्या तारखेनं लावलेली असतात. तसं वाचलं तर जेरोम विनाकारण चिडका वाटतो. खरं तर ही पत्रं लिहिली गेली एका क्रमानं आणि पोचली भलत्याच क्रमानं.

त्याचं असं झालं. जेरोम इ.स. 386 पासून बेथलेहेमच्या मठात होता. ऑगस्टिन आफ्रिकेतल्या हिप्पो इथे, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या अन्नाबा शहरात. मध्ये समुद्र. हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत, जहाजं बंदर सोडत नसत. खाजगी पत्रांसाठी टपाल नव्हतं, तिकडे निघालेला कुणी विश्वासू माणूस गाठून त्याच्या हाती पत्र द्यावं लागे. ऑगस्टिननं 394-95 च्या सुमारास 28 वं पत्र प्रोफुतुरुसच्या हाती दिलं. तो निघायच्या बेतात असतानाच बिशप झाला, म्हणून गेलाच नाही, आणि लवकरच वारला. पुढे काही वर्षांनी 40 वं पत्र दुसऱ्या एकाकडे दिलं, तर त्यानं समुद्राच्या धास्तीनं जाणंच रद्द केलं. पत्राच्या नकला मात्र इटलीत हातोहात फिरू लागल्या. त्या काळी नावाजलेल्या माणसाचं पत्र चारचौघांत वाचायची आणि उतरवून घ्यायचीच रीत होती. सिसिन्नियुस नावाच्या डीकनला (चर्चमधल्या सेवकाला) एड्रियाटिक समुद्रातल्या एका बेटावर ऑगस्टिनच्या इतर लेखनात ते पत्र सापडलं आणि त्याच्यामार्फत त्याची नक्कल जेरोमकडे पोचली. खाली सही नव्हती.

आता जेरोमच्या जागी उभा राहून बघ. आपल्यावर टीका करणारं पत्र रोममध्ये सगळ्यांनी वाचलंय आणि ज्याच्या नावानं लिहिलंय त्यालाच ते मिळालेलं नाही. वर त्यात सल्ला असा की ग्रीक कवी स्तेसिखोरसनं जसं आपलं म्हणणं गाण्यातूनच मागे घेतलं, तसं तूही घे. 68 व्या पत्रात जेरोम म्हणतो, हे तुझंच असेल तर तसं सरळ सांग. सोबत इशाराही देतो, थकलेला बैल पाऊल जास्त घट्ट रोवतो. 72 व्यात त्या पत्राला तो मध लावलेली तलवार म्हणतो. आपण ज्याला मुखात राम, बगलेत सुरी म्हणतो, तेच त्याला वाटलं. मला तरी त्याचा राग रास्त वाटतो. ऑगस्टिनचा हेतू चांगला होता यात शंका नाही, पण पत्र पोचल्याची खात्री न करता त्याच्या नकला बाहेर जाऊ देणं ही चूकच.

म्हणून वाचताना क्रम असा ठेव. आधी 40, मग 67, 68 आणि 72. त्यानंतर 28 आणि 71 एकत्र, कारण ऑगस्टिननं आपल्याजवळच्या नकलांवरून जुनी पत्रं 403 साली सिप्रियान डीकनबरोबर पुन्हा पाठवली, तेव्हा ती जेरोमला एका गठ्ठ्यात मिळाली. मग जेरोमचं सविस्तर उत्तर 75. सिप्रियान परत निघायला तीनच दिवस उरलेले असताना जेरोमनं ते घाईघाईनं सांगून लिहवून घेतलं. शेवटी 73, 81 आणि 82.

वाद दोन होते. पहिला बायबलमधल्या पौलाच्या गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता. याकोबाकडून माणसं आली तसा तो बाजूला झाला आणि पौलानं त्याला सगळ्यांसमोर खडसावलं. आधीच्या काळातला भाष्यकार ओरिगेन याच्या मागे जाऊन जेरोमनं अर्थ लावला की ते खडसावणं दोघांनी मिळून घेतलेलं सोंग होतं, दोन्ही बाजूंच्या लोकांच्या भल्यासाठी. ऑगस्टिनला हे अजिबात पटलं नाही. शास्त्रात सोयीपुरतं एक असत्य शिरू दिलं, तर अडचणीची प्रत्येक ओळ कुणीही तसंच म्हणून झटकून टाकेल, हे त्याचं म्हणणं. जेरोमनं ओरिगेन, दिदिमुस, अपोलिनारिस अशी नावांची रांग उभी केली. ऑगस्टिननं अॅम्ब्रोज आणि हुतात्मा सिप्रियान (वरचा डीकन नव्हे, आधीच्या काळचा बिशप) यांची नावं घेतली आणि त्यांच्याही वर खुद्द पौलाला साक्षीला बोलावलं. त्याच पत्राच्या 1:20 मध्ये पौल देवासमोर सांगतो की मी लिहितोय ते खोटं नाही. इथे ऑगस्टिनचं पारडं जड आहे. पुढे 415 साली पेलागियनांविरुद्ध, म्हणजे पेलागियसच्या अनुयायांविरुद्ध, लिहिताना जेरोमही त्याच्याच बाजूला झुकलेला दिसतो.

दुसरा वाद मला जास्त आवडतो, कारण तो एका झाडाचा आहे. बायबलमधल्या योनाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात देव योनाच्या डोक्यावर सावली धरायला एका रात्रीत एक झाड उगववतो. हिब्रूत त्याला किकायोन म्हटलंय. जुन्या ग्रीक भाषांतरात आणि त्यावरून केलेल्या लॅटिनमध्ये ते भोपळ्याचा वेल झालं. रोमच्या भुयारी दफनभूमींतल्या चित्रांत योना लोंबत्या दुधी भोपळ्यांखाली पहुडलेला आहे, म्हणजे लोकांच्या डोळ्यांत तोच वेल बसला होता. जेरोमनं हिब्रूवरून नवं भाषांतर केलं आणि तिथे 'हेदेरा' लिहिलं, म्हणजे आयव्हीचा वेल. ओएआ इथे, आजच्या लिबियातल्या त्रिपोलीत, बिशपनं ते चर्चमध्ये वाचलं आणि गोंधळ माजला. पिढ्यान् पिढ्या ऐकलेला शब्द बदलला म्हणून लोक चवताळले. तिथल्या यहुद्यांना विचारलं तर ते म्हणाले, जुनाच शब्द बरोबर. शेवटी लोक सोडून जाऊ नयेत म्हणून बिशपला माघार घ्यावी लागली. हे सगळं ऑगस्टिननं 71 व्या पत्रात कळवलं आहे.

75 व्यातलं उत्तर सावकाश वाच. जेरोम सांगतो, हे झुडूप द्राक्षासारख्या रुंद पानांचं, लवकर वाढणारं आणि स्वतःच्या खोडावर उभं राहणारं आहे. योनावरच्या आपल्या भाष्यात तो आणखी म्हणतो की त्याची सावली दाट असते आणि पॅलेस्टाइनच्या रेताड जागी बी टाकलं की थोड्याच दिवसांत झुडूप दिसू लागतं. तिथेच तो सांगतो की सुरियानी भाषेत त्याला 'एल्केरोआ' म्हणतात. अरे, हा आपला एरंड! उकिरड्याच्या कडेला बघता बघता डोक्याएवढा होणारा. अरबीत आजही एरंडाला 'खिर्वा' म्हणतात. मग जेरोमनं एरंडच का नाही लिहिला? त्याच्या मते लॅटिनमध्ये या झाडाला नावच नव्हतं. हिब्रू शब्द तसाच ठेवला तर कुणाला कळणार नाही आणि भोपळा लिहिला तर मुळात नाही ते लिहिल्यासारखं होईल, म्हणून त्या जुन्या भाषांतरानंतरच्या इतर ग्रीक भाषांतरकारांचा आयव्ही हाच शब्द त्यानं घेतला. पण रोमन लेखक प्लिनीनं पहिल्याच शतकात या झाडाचं 'रिकिनुस' हे लॅटिन नाव नोंदवलंय. झाड जेरोमनं अचूक ओळखलं आणि शब्द मात्र हातचा निसटला. भाषांतर करणाऱ्या कुणालाही हे वाचून हळहळ वाटेल.

ऑगस्टिनची हरकतही फेकून देण्यासारखी नाही. ग्रीक प्रत गावोगावी होती, वाद झाला तर उघडून दाखवता येत होती. हिब्रू ताडून बघायचं तर यहुद्यांच्या दारी जावं लागे आणि ते काय सांगतील यावर सगळं अवलंबून. शिवाय ग्रीक आणि लॅटिन मंडळ्यांमध्ये एका पाठावरून दुरावा येईल, हीही त्याची काळजी. यात मात्र मी जेरोमच्या बाजूचा. मूळ वाचता येत असेल तर मूळच वाचावं.

योना 4:6 आपल्या मराठी पवित्र शास्त्रात उघड आणि तिथे कोणतं झाड आहे ते मला कळव. जमलं तर जुनी आवृत्तीही शेजारी ठेवून बघ.

82 वं पत्र 405 चं, सगळ्यांत लांब. त्याला दोन बैठका तरी लागतील. शास्त्रात काही सत्याशी विसंगत दिसलं तर ऑगस्टिन तीनच शक्यता धरतो. प्रत सदोष असेल, भाषांतरकाराला मूळ अर्थ सापडला नसेल किंवा मलाच कळलं नसेल. याच पत्रात बिशप असलेला ऑगस्टिन म्हणतो की पद माझं मोठं असलं तरी पुष्कळ बाबतीत ऑगस्टिन जेरोमहून लहान आहे.

त्याआधी 81 वं नक्की वाच, अगदी छोटं आहे. त्यात जेरोमचा राग निवळलाय. शास्त्राच्या मैदानात एकमेकांना न दुखवता खेळू या, असं तो म्हणतो. त्यावर 82 च्या सुरुवातीलाच ऑगस्टिनचं उत्तर आहे की मला हे खेळ म्हणून नाही, मनापासून करायला आवडेल.

तिथवर पोचलास की लिही.

तुझा,
मित्र