गर्भजलाच्या अहवालात एकच बेरीज पुरत नाही

मा. संपादक,
स. न.

नववा महिना लागला आणि सोनोग्राफीच्या अहवालावर 'ए.एफ.आय. 5' (ए.एफ.आय. म्हणजे ॲम्निऑटिक फ्लुइड इंडेक्स, बाळाभोवतीच्या पाण्याचे माप) असे दिसले, की घरात धावपळ सुरू होते. 'पाणी आटलंय, आता सिझरच' हे त्या आकड्यावरूनच ठरून जाते. तो आकडा कसा येतो, हे वाचकांना कळायला हवे, म्हणून हे पत्र.

बेंबीतून एक आडवी आणि एक उभी रेघ कल्पून पोटाचे चार भाग धरतात. प्रत्येक भागात पाण्याचे सर्वांत खोल पॉकेट, म्हणजे पाणी साठलेली मोकळी जागा, शोधून त्याची उभी खोली सेंटिमीटरमध्ये मोजतात. चौघांची बेरीज म्हणजे ए.एफ.आय. ही पद्धत 1987 पासूनची. 5 च्या वर, 24 पर्यंत ठीक; 5 किंवा त्याखाली कमी. दुसरी पद्धत सोपी आहे: चारांपैकी सर्वांत खोल एकच पॉकेट पाहायचे. ते 2 ते 8 सेंटिमीटर असले तर पाणी पुरेसे.

आता एक अहवाल घ्या: 2.4, 0, 1.9, 0.6. बेरीज 4.9, म्हणजे 'पाणी कमी'. पण सर्वांत खोल पॉकेट 2.4, म्हणजे पाणी पुरेसे! बाई तीच, बाळ तेच. दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या चाचण्यांत दिसले ते असे: ए.एफ.आय.मुळे 'पाणी कमी'चे निदान वाढते, औषधाने कळा आणण्याचे प्रमाण वाढते, बाळांच्या तब्येतीत मात्र फरक पडत नाही. म्हणून निर्णय खोल पॉकेटवर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जुळ्यांत तर प्रत्येक पिशवीचे पॉकेट वेगळेच मोजावे लागते.

मोजताना हात चुकला तरी आकडा फिरतो. प्रोब (पोटावर टेकवायचा सोनोग्राफी यंत्राचा भाग) जमिनीला काटकोनात, आईच्या शरीराच्या लांबीला समांतर धरायचा. बाळाच्या वळणाप्रमाणे तिरका केला की खोली खोटी येते. प्रोब दाबला तर पाणी बाजूला सरकते आणि आकडा घटतो. पॉकेट किमान 1 सेंटिमीटर रुंद हवे, त्यात नाळ किंवा हात-पाय नकोत. नाळेची वेटोळी करड्या चित्रात पाण्यासारखीच काळी दिसू शकतात, म्हणून रक्तप्रवाह रंगात दाखवणारा रंगीत डॉप्लर लावतात. पण प्रत्येक मापाला तो लावला तर पाणी उगाच कमी भरते. मधेच बाळ फिरले तर चारही भाग पुन्हा मोजायचे. बेरीज 8 च्या खाली आली तर तीनदा मोजून सरासरी काढावी. गर्दीच्या ओपीडीत नेमके हेच राहून जाते.

कांदा काढणीच्या दिवसांत उन्हात राबणाऱ्या बाईच्या शरीरातच पाणी कमी असते. बाकी सारे ठीक असेल तर तिने दीड-दोन लिटर पाणी प्यावे. काही तासांत पुन्हा मोजले तर आकडा सुधारलेला दिसू शकतो. तोंडाने पिता येत असताना रोज सलाइन लावण्याचे कारण नाही. कंबरदुखीसाठी दुकानातून आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या गोळ्यांबद्दलही विचारावे. विसाव्या आठवड्यानंतर त्यांनी बाळाची लघवी कमी होते, आणि तेव्हाचे गर्भजल मुख्यतः बाळाची लघवीच असते.

मात्र अंगावरून पाणी जात असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल किंवा बाळाची वाढ कमी असेल, तर पाणी पिऊन वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पाणमोट फुटली असेल तर संसर्गाची भीती असते. वाढ खुंटलेल्या बाळाला वारेतून रक्त कमी मिळते, मग लघवी घटते आणि पाणीही घटते. तिथे नाळेतील रक्तप्रवाहाचा डॉप्लर आणि ठोक्यांचा आलेख दोन्ही लागतात.

जिल्ह्यातील सोनोग्राफी केंद्रांना विनंती, की अहवालात नुसती बेरीज न लिहिता चारही आकडे, सर्वांत खोल पॉकेट आणि बाळाचे अंदाजे वजन लिहावे. सुरगाणा, पेठकडून एखादी बाई रात्री नाशिकला पाठवली जाते, तेव्हा इथल्या डॉक्टरच्या हातात आधीची मापे म्हणून तेवढा कागदच असतो.

— एक रेडिओलॉजिस्ट, नाशिक