रविवारचं शूटिंग: संमती आणि परवानगी

सभासदांनो,

येत्या रविवारी पहाटे ५ वाजता ससून डॉकच्या (कुलाब्यातलं मासळी बंदर) गेटवर जमायचं आहे. परवानगीपत्र हातात आल्याशिवाय कॅमेरा बॅगेतून काढू नका.

• मुलाखतीआधी लेखी संमती घ्या आणि फॉर्म वाचून दाखवा. मागच्या वेळी कोळंबी सोलता सोलता एका मावशींनी ओल्या हातानेच अंगठा उठवला. चित्रण कुठे दिसणार, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला ते अजून खुपतं.
• ‘नको’ म्हटलं की कॅमेरा खाली.
• मुलांसाठी पालकांची सही हवीच.
• सिनेमाची गाणी नकोत. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. ‘दहा सेकंद चालतात’ हा गैरसमज आहे.
• ड्रोन आणू नका, जवळच नौदलाचा परिसर आहे.